रोटाच्या पिठाची खळ

२ ऑगस्ट १९३४, गुरुवार. धुळे

मोराची मान तुटली! चार संध्याकाळी घालवल्या त्या मानेवर, आणि गेली एका झटक्यात. करवतीचा दोष नाही, हाताचाही नाही. दोष कागदाचा. पावसाळी हवेत डिंक सुटला, नक्षीचा कागद कडेला उचलला गेला, पात्याखाली सरकला. मी आपला कागदावरची रेघ बघून कापतोय, आणि रेघ केव्हाच जागा सोडून गेलेली!

सागाची पातळ फळी वाया गेली ते वेगळंच. नूर महंमद मिस्त्रीकडे गेलो दुसरी फळी मागायला. तो हसला. म्हणाला, मास्तर, डिंक पोरांच्या पतंगाला. लाकडाला कणकेची खळ लावा. धरते घट्ट, आणि काम झालं की ओल्या फडक्यानं मुकाट सुटते. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून चिमूटभर मोरचूद घाला, कसरही लागत नाही.

चिमूटभर! गेल्या वर्षी कसरीनं माझी नक्ष्यांची अख्खी पेटी चाळणी करून ठेवली, ते मी विसरलेलो नाही.

हे मोरांचं मखर श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत व्हायलाच हवं. मायची इच्छा. माझा कानबाईवर विश्वास किती, ते कानबाईलाच ठाऊक. पण दोन मोर, मध्ये कळस, भोवती वेल — ही नक्षी माझी आहे, आणि ती शिंदखेड्याच्या सगळ्या भाऊबंदांनी बघावी अशी माझी इच्छा आहे. ड्रॉइंग मास्तर म्हणजे पोरांना पेरू काढायला शिकवणारा, असं समजतात लेकाचे.

३ ऑगस्ट

दिवसभर झड. काहीच वाळत नाही. फडकीसुद्धा.

५ ऑगस्ट, रविवार

खळ जमली! उत्तम जमली. माय सकाळी लवकर दळण आटोपून नदीवरच्या देवळात गेली होती. प्रमिला आडवी झाली होती. तिला सातवा महिना, उठवलं नाही. स्वतःच चुलीशी बसलो. फळीवर पितळी डबा होता, त्यातलं ओंजळभर पीठ घेतलं. छान बारीक होतं. गार पाण्यात कालवून मग आधणात सोडायचं आणि ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. रंग पालटून काचेसारखं दिसू लागलं की उतरवायचं. मोरचूद खलात कुटून चमचाभर घातला. मिस्त्रीची चिमूट मिस्त्रीला लखलाभ, मला कसरीचा निर्वंश करायचा आहे.

आता खरी गंमत. खळ लाकडाला लावायची नाही, कागदाला लावायची. आणि लावली की लगेच चिकटवायचं नाही. कागद पाणी पितो, फुगतो, जरा मोठा होतो. तो पिऊन होईपर्यंत वाट बघायची. मग मधून टेकवायचा आणि तळहातानं बाहेर बाहेर सारत न्यायचा. घाई केली की कागद लाकडावर फुगतो, बुडबुडे धरतो, वेल वाकडी होते. आज एकही बुडबुडा नाही. सगळ्या फळ्या भिंतीशी ओळीनं उभ्या केल्या आहेत. मोर कागदावरच इतके ऐटीत दिसतात!

प्रमिला उठून आली. खळ निळी कशी म्हणून विचारलं. सांगितलं, विष आहे, कीड मरते, भांड्यांत मिसळू नकोस. तिनं लगेच भगुणं उचलून उंच फळीवर ठेवलं. पहिलं मूल बारशाच्या आधी गेलं, दुसरं रडलंच नाही, तेव्हापासून तिला साध्या सुईचीही भीती वाटते. मी चेष्टा केली नाही.

७ ऑगस्ट

मान शाबूत!! शाळेतून आलो तो थेट करवतीशी बसलो. कागद तसूभर हलला नाही. मिस्त्रीला विडा द्यायला हवा.

८ ऑगस्ट

दुसरा मोर. वेलीची दोन पानं उरली. बोटं सुजली आहेत. सुखात आहे.

९ ऑगस्ट, गुरुवार

आज काहीतरी विचित्र झालं. अजून नीट उलगडत नाही.

जेवून हात धुवत होतो. आतून मायचा आवाज — ‘डबामाईन पीठ कोन्ही काढं?’

मी म्हणालो, ‘मी लिधं वं माय. खळ कराले.’

आत गेलो तर माय भुईवर बसलेली, डबा मांडीवर, झाकण हातात. चेहरा पांढराफटक. मला वाटलं घेरी आली. पाणी पुढे केलं, घेतलं नाही.

ते रोटाचं पीठ होतं. कानबाईच्या रोटांचं. गहू निवडून, धुऊन, न्हाऊन, ओलेत्यानं दळलेलं, सव्वा मापानं मोजलेलं. त्याचे जाड पोळीसारखे रोट होतात, आणि ते रोट घरच्याच माणसांनी खायचे. पाहुण्याला द्यायचे नाहीत, शेजाऱ्याला नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. उरले तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पण संपवायचे घरातच. हे मला लहानपणापासून माहीत आहे. वाळून खडखडीत झालेले रोट पोरपणी दुधात बुडवून मीच खाल्लेत. पण डब्यावर काय पाटी लावलेली असते?

हसलो. म्हणालो, बाजारातून तेवढं दुसरं आणतो. माय म्हणाली, तसं होत नाही. बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिच्या शिव्या मला ठाऊक आहेत, त्या पोटात जात नाहीत. हे गप्प बसणं मला जाम घाबरवून गेलं.

मूठभर कणीक! आणि माणूस असा बसतो?

१० ऑगस्ट

शिंदखेड्याहून अभिमन आबा आले. घराण्यात सगळ्यांत थोरले, माझ्या बापाचे चुलतभाऊ. कानबाईची तयारी बघायला दरवर्षी येतात. माय त्यांच्याशी चुलीपाशी बराच वेळ हळू बोलत होती. मी गेलो तेव्हा दोघं थांबली. आबांनी भिंतीशी लावलेल्या फळ्या बघितल्या, कागद चिकटलेल्या. वाटलं मोरांना दाद देतील. मला एक शब्द विचारला नाही. जाताना प्रमिलाच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

११ ऑगस्ट, शनिवार

अर्धी शाळा. आज कागद काढायचे होते. आश्चर्य म्हणजे माय आपणहून शेजारी येऊन बसली! म्हणाली, मीही काढू लागते.

तिला शिकवलं. फडकं पिळून घ्यायचं, नुसतं ओलसर. कागदावर पसरायचं आणि गप्प बसायचं. आधी ओढलं की कागदाचं वरचं कातडं निघतं आणि खालचं राहतं. खळ आतून मऊ झाली की कोपरा आपणहून उठतो. तो धरून सावकाश मागे न्यायचा, वर नाही. मग जी खळ लाकडावर राहते ती बांबूच्या कांबीनं खरवडायची. चाकू लावायचा नाही, साग ओरखडतो. आणि लगेच कोरडं पुसून वर पाटा ठेवायचा, नाहीतर फळी पापडासारखी वळते.

काय हात आहे मायचा! माझे कागद फाटत होते, तिचे अख्खे निघत होते. मोरच्या मोर, वेलीसकट. खरवडलेली खळ ती वाटीत निपटून ठेवत होती. कांबीला लागलेलीसुद्धा. निघालेले कागद तांब्यातल्या पाण्यात खळबळून त्यांची खळही सोडवत होती, पाणी बाजूला राखत होती. मला कळलं — पांझरा नदीत सोडणार. रोटाचं पीठ मोरीत जाऊ नये म्हणून. चला, तोडगा निघाला एकदाचा. भगुण्यात उरलेली खळही मागितली. म्हणालो, ने सगळं, माझं काम झालं.

मी थट्टाही केली, की कानबाईला यंदा मोराच्या चवीचे रोट मिळणार. माय हसली. किती दिवसांनी हसली! कित्येक वर्षांत आम्ही दोघं असे एका कामावर बसलो नव्हतो. बाहेर झड, आत फळ्यांचा ओला वास. फार बरं वाटलं मला. हे लिहून ठेवायलाच हवं.

१२ ऑगस्ट, रविवार

वाचता येईल असं लिहितो.

सकाळी माय ओकत होती. मी दूध नासलं असेल म्हणालो. मग ओकारीचा रंग बघितला. निळा-हिरवा. निळा! डोळ्यांवर विश्वास बसेना. कोपऱ्यात वाटी होती. घासल्यासारखी स्वच्छ. भगुणं स्वच्छ. तांब्या रिकामा.

विचारलं, पांझरेत सोडलं ना? मान हलवली, नाही. मग कुठे गेलं? तिनं पोटावर हात ठेवला.

वाटीतली खळ. भगुण्यातली खळ. कागद धुतलेलं पाणी. सगळं! चमचाभर मोरचूद — माझ्या या हातानं कुटलेला!

टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मोरचूदच उलटी करवतो, त्यानंच वाचली तर वाचेल. दूध आणि अंड्याचा पांढरा बलक द्या म्हणाले. माय शुद्धीत होती. अंडं ऐकल्यावर दात आवळून घेतले, श्रावण आहे म्हणून! मरतेय आणि श्रावण! शेवटी बलक दुधात फेटला आणि दुधात काय आहे ते मी तिला सांगितलं नाही.

मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. सून कशी आहे, सासूशी पटतं का, स्वयंपाक कोण करतं? प्रश्न कुठे चाललेत ते कळायलाच मला वेळ लागला. कळलं तेव्हा मागे वळून बघितलं. प्रमिला बाकावर बसून होती, पोटावर पदर घेऊन. मी सांगितलं, माझी खळ, माझा मोरचूद, म्हातारीची चूक. डॉक्टरांनी बघितलं माझ्याकडे आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

१३ ऑगस्ट

मायचे डोळे पिवळे झाले. कावीळ. भाऊबंदांना मी कावीळ एवढंच कळवलं आहे. खरं कोणत्या तोंडानं सांगू?

आज मी फार बोललो. खाटेवरच्या बाईला! म्हणालो, कणकेच्या गोळ्यासाठी जीव देतेस? ही कसली देवी, जी विष चाटायला लावते? शाळेत पोरांना मी काय शिकवतो आणि माझ्या घरात काय चालतं! तू अडाणी ती अडाणीच राहिलीस. हा शब्द वापरला. आईला.

ती एवढंच म्हणाली, ‘रोटनं पीठ शे. ते बाहेर जात नही.’

प्रमिला पायाशी उभी होती. मी तिच्याकडे वळून म्हणालो, तूही सांग तिला काहीतरी. ती बाहेर निघून गेली. मला तिचाही राग आला.

१४ ऑगस्ट

लघवी अगदी थोडी, आणि काळपट. डॉक्टर म्हणतात, हे दोन दिवस जड आहेत.

घरी आलो. मखराचे भाग तसेच पाट्याखाली. एक मोर काढला. सुरेख झालाय. मान अशी वळलीय की वाटतं आत्ता हाक मारील. हातोडी उचलली. प्रमिलानं मनगट धरलं. तिच्यात एवढा जोर कुठून आला? म्हणाली, हे मोडलंत तर त्या सगळं फुकट गेलं म्हणतील. मी म्हणालो, गेलंच आहे फुकट. तिनं मनगट सोडलं नाही. मीच हातोडी ठेवली.

नागपंचमीचं माझ्या लक्षातही राहिलं नाही.

१६ ऑगस्ट

माय बोलली! पातळ ताक मागितलं. लघवी साफ होते आहे. डॉक्टरांनी पहिल्यांदा मला बसायला सांगितलं. मी बसलो आणि त्यांच्यासमोर रडलो. लाज वाटत नाही.

१७ ऑगस्ट

मायला घरी आणलं. भिंतीला धरून चार पावलं चालते. आल्या आल्या विचारलं, मखर जोडलं का? या बाईपुढे काय करावं!

जोडायला बसलो. मागच्या अंगाला, कळसाच्या खाली, एक कागद काढायचा राहून गेलेला दिसला. बोटभर तुकडा. पाणी लावायचं मनात आलं आणि जमलं नाही. ओलं फडकं उचललं आणि परत ठेवलं. राहू दे. मागून कोण बघतो.

१९ ऑगस्ट, रविवार. कानबाई

घर भरलं होतं. शिंदखेड्याचे सगळे आले. चौरंगावर मखर, मखरात नारळाची कानबाई, नथ घालून, डोळे रेखून. बायका गाणी म्हणत होत्या. मखर बघून जो तो थांबत होता, वाखाणत होता. हे ऐकायला मी महिनाभर तरसत होतो. आज कानावरून गेलं.

मायला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. अजून पिवळी. अभिमन आबा आले, देवीला नमस्कार केला, आणि मायपाशी जाऊन उभे राहिले. सगळ्यांसमोर म्हणाले —

‘सुकदेवनी माय, पीठ तुन्हा हातघाई गयं, तूच खादं. बठ्ठं फिटनं.’

तुझ्या हातून गेलं, तूच खाल्लंस, सगळं फिटलं? मायच्या हातून? मी तिथेच उभा होतो, रोटांचं ताट हातात. म्हणालो, आबा, पीठ तर — मायनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी ताट पुढे नेलं. कसं नेलं मला माहीत नाही.

मग आबांना ओसरीवर गाठलं आणि विचारलं. ते सहज सांगत होते. घराण्याची रीत आहे, रोटाचं पीठ ज्याच्या हातून बाहेर गेलं त्यानंच ते पोटात घालायचं. नाही घातलं तर त्याच्या पोटच्या लेकराला भोवतं. म्हणाले, तुझ्या मायनं त्या दिवशी मला सांगितलं, सुकदेवला खळ करायला मीच काढून दिलं. म्हातारपणी विसर पडतो माणसाला. कणकेची खळ, कडू काय असणार, खाऊन टाक म्हणालो.

आबांना मोरचुदाचं माहीतच नाही!

माझ्या नावचं खाल्लं तिनं. आणि मी तिला अडाणी म्हणालो. दवाखान्यात, मोठ्यानं. पण ते विष आहे हे तिला तरी कुठे माहीत होतं? मीच सांगायला हवं होतं, त्या दिवशी शेजारी बसली होती तेव्हा. एक शब्द. थट्टा करायला वेळ होता मला!

२० ऑगस्ट, सोमवार

कानबाईला पांझरेवर पोचवून आलो. प्रमिला दारातच थांबली होती. म्हणाली, आठ दिवस गिळून बसले, आता नाही होत. विषाचं तिनं मायला आधीच सांगितलं होतं. कागद काढायला बसण्याच्या आदल्या दिवशीच, आबा गेल्या गेल्या. मी विचारलं, मग कशाला खाल्लं, तू अडवलं का नाहीस? तिनं मायचे पाय धरले होते. माय म्हणाली होती, थोडं थोडं खाईन, काही होत नाही. आणि मग प्रमिलाच्या पोटावर हात ठेवून — ‘त्याले सांगू नको. दोन लेकरं गयात. हाई जगाले जोयजे.’

मखराच्या मागे गेलो. तो बोटभर कागद तिथेच होता. बोट ओलं करून चोळला. खळ सुटली, निळसर. बोट तोंडात घातलं. तांब्याचा पैसा चघळल्यासारखं, मग तुरट, कडू, घसा आवळत गेला. थुंकलो. चुळा भरल्या. अजून जीभ वळत नाही नीट. बोटाच्या टोकाएवढी होती.

मायनं वाटीभर खाल्ली. आणि त्याआधी दुपारभर माझ्याशेजारी बसून हसत कागद काढले!